सव्वीस किलोचा सिंथ आणि दीड मिनिटाचा पियानो

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी, नारायण पेठेत एक जुना सिंथेसायझर बघायला गेले होते. बघायचं, 'नको' म्हणायचं आणि येताना मंडईतून भाजी घेऊन घरी यायचं, असा साधारण बेत होता...

आमचा सहा जणांचा गाण्याचा ग्रुप आहे, सगळे हिंजवडीत नोकरी करणारे. येत्या कार्यक्रमासाठी आम्ही स्वतःचं एक गाणं बसवलं होतं. त्याची सुरुवात दीड मिनिटाच्या एकट्या पियानोने होते, आणि तो वाजवणार होते मी.

पण माझ्या कीबोर्डच्या पट्ट्या हलक्या, प्लास्टिकच्या. हळू वाजवा, जोरात वाजवा, फरक जेमतेम. ग्रुप चालवणारा सुहास शेवटी म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण सुरुवात रेकॉर्डेड लावू या का?"

वाईट वाटलंच. लहानपणी अमरावतीत मी खऱ्या पियानोवर शिकले. पुण्यातल्या भाड्याच्या घरांत पियानो कुठे मावणार, म्हणून पंधरा वर्षं त्या हलक्या पट्ट्यांवर काढली... आणि आता माझ्या जागी एक फाइल वाजणार होती.

अशात ती जाहिरात दिसली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पियानोसारख्या वजनाच्या, वीसेक वर्षं जुना. खाली लिहिलं होतं, 'फक्त वाजवणाऱ्यांनीच फोन करावा.'

दार सत्तरीच्या कुसुमताईंनी उघडलं. आयुष्यभर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेल्या, आता बोटांच्या सांधेदुखीमुळे थांबलेल्या. मी सवयीने "काकू" म्हटलं, तर म्हणाल्या, "स्टेजवर मला सगळे ताई म्हणायचे. तेच चालू ठेवा."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका काढणं हेच पोटापाण्याचं काम... मोबाइलवर यादीच करून नेली होती. प्रत्येक पट्टी आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. पेडल, एकूण एक बटण. शेवटी हेडफोन लावून, काहीही न वाजवता, नुसती खरखर ऐकत बसले.

ताई अर्धा तास बघत होत्या. मग म्हणाल्या, "तपासणी झाली असेल तर वाजवा काहीतरी. की ते यादीत नाही?"

नव्हतं...

आमच्या गाण्याची सुरुवात वाजवली. पहिल्या चार सुरांतच हाताला ओळख पटली. पट्टी आधी बोटाला थोडी अडवते, मग साथ देते. हळू म्हणजे खरंच हळू! डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी वाकून पेडल बघितल्यासारखं केलं.

पण मधल्या सप्तकातला एक 'रे' घात करत होता. कितीही अलगद बोट ठेवा, तो ओरडायचाच. आणि आमच्या सुरुवातीत तो रे अकरा वेळा येतो... हो, मोजलेत.

"तीन वर्षं असंच चाललंय त्याचं," ताई म्हणाल्या. "दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, भंगारात काढा. मी त्यालाच बाहेर काढला."

इथे खरं तर उठायला हवं होतं. पण दोष एकाच पट्टीवर, प्रत्येक वेळी, अगदी एकाच प्रकारे येत होता. तुटलेली वस्तू इतक्या शिस्तीत वागत नाही. मी विचारलं, "ताई, उघडून बघू का?"

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या... परत आल्या त्या स्क्रूड्रायव्हर आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन.

पुढचे दोन तास आम्ही दोघी जमिनीवर. मी काढलेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर क्रमाने मांडत होत्या. प्रत्येक पट्टीखाली रबराचं छोटं बटण असतं, बोटाचा जोर त्यावरून ठरतो. रे-च्या बटणाखाली धुळीचा चिकट थर बसला होता. बस, एवढंच! स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं, सगळं परत जोडलं.

"तुम्ही वाजवा," मी म्हटलं. ताईंनी वाकडं झालेलं बोट अलगद टेकवलं. रे इतका हळू आला, की बाहेरचा हॉर्न थांबेपर्यंत खात्रीच वाटेना. त्यांनी परत वाजवला आणि म्हणाल्या, "आला की हो शुद्धीवर!"

व्यवहार तिथेच ठरला आणि त्याच संध्याकाळी टेम्पोतून सिंथ सुहासच्या घरच्या स्टुडिओत पोचला. सव्वीस किलो. "हे धूड दर कार्यक्रमाला कोण उचलणार?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. पेडल दाबून खूप सूर साठले की जुने सूर मधेच तुटतात, हेही त्याने लगेच पकडलं. पियानोचा आवाज लॅपटॉपवरचा जास्त खरा, हे मलाही मान्य. पण रेकॉर्डिंग स्वच्छ आलं, आणि स्टेजवर एका बटणात आवाज बदलतो, लॅपटॉपची भानगडच नाही.

मग सुहासची फाइल आणि माझं वाजवणं, कुठलं कुणाचं ते न सांगता सगळ्यांना ऐकवलं. आमची गायिका मृणाल म्हणाली, "दुसऱ्यात मला कळतं, गायला कधी सुरू करायचं ते."

दुसरं माझं होतं. सुहासने माझ्यासमोर ती फाइल डिलीट केली.

गेल्या रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. दीड मिनिट हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचा सूर विरला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या... मृणालला थांबावं लागलं, इतक्या! सुहास ड्रम्समागून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी पट्ट्यांवरचे हात उचललेच नाहीत.

नंतर कुसुमताई विंगेत आल्या. "पेडल जरा कमी दाबा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

आपलं वाद्य दुसऱ्याच्या हातात वाजताना ऐकणं सोपं नसणार. त्यांनी ते तिसऱ्या रांगेत ताठ बसून, शेवटपर्यंत ऐकलं... ताई, मला माझे हात परत मिळाले, ते तुमच्यामुळे.