बोलावणं नसलेली लग्नं

बीडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी स्वभावाने चिडका आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घाबरट माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गरीब गाय उभी राहते. मी तसला नाही. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली की मी त्याला सरळ दार दाखवतो. पण गर्दीत उभं राहायची वेळ आली की माझी छाती धडधडायला लागते, हातांना मुंग्या येतात आणि आता आपण इथेच संपणार अशी पक्की खात्री पटते. त्यावर मी कित्येक वर्षं गोळी घेतोय. तिच्या जोरावर दुकान चालवलं, मुलांची शिक्षणं केली, सासरच्यांचे टोमणेही पचवले.

मागच्या लग्नसराईच्या तोंडावर ती गोळी काम करेनाशी झाली. आधी बँकेच्या रांगेत घाम फुटला. मग एकदा दुकानातच, समोरच्या बाईंना "आता अक्षरं दिसतात का?" असं विचारता विचारता माझाच घसा कोरडा पडला. बायकोला गल्ल्यावर बसवून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. गोळी चुकवली नव्हती, बदललीही नव्हती. मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. इतकी वर्षं साथ दिलेल्या माणसाने ऐनवेळी हात वर करावेत, तसं झालं होतं.

ऐनवेळी म्हणतोय, कारण आष्टीला दिलेल्या माझ्या बहिणीने तेव्हाच मुलीचं लग्न ठरवलं. मी तिचा एकुलता एक भाऊ. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. त्यासाठी लाउडस्पीकरवरून मामाचा पुकारा होतो आणि सगळा मांडव वळून बघतो. मी बहिणीला फोन केला आणि म्हणालो, माझं काही खरं नाही, आपल्या चुलतभावाला तयार ठेव.

"मामा म्हंजे काय स्टेपनी हाय का दादा, एक पंक्चर झाला की दुसरा लावायला?" एवढं बोलून तिने फोन ठेवून दिला.

साडूने सल्ला दिला, गोळ्या फेकून दे, सवय लागलीय तुला. मला उलटं वाटत होतं, एकाच्या दोन घ्याव्यात. एका सकाळी दुसरी गोळी तळहातावर घेतलीही होती. पण शेजाऱ्याचा चष्मा घालून डोकं दुखवून घेणाऱ्यांना मी रोज झापतो. मग स्वतःच्या गोळीचा नंबर मीच कसा काढणार? गोळी परत पाकिटात टाकली आणि बायकोला घेऊन अंबाजोगाईला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी झोप विचारली, चहा विचारला, रक्त तपासायला लावलं. अहवालात काही निघालं नाही. "असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, पर्याय आहेत. जुनी गोळी हळूहळू उतरवू, नवी हळूहळू चढवू. मनाने काही करायचं नाही. नवीचा गुण यायला काही आठवडे जातील."

"लग्न त्याच्या आधी आहे."

"मग तयारीला लागा."

"तयारी बहीण करतेय."

"तुमच्या तयारीचं म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. ज्या जागा मी टाळत आलो होतो तिथेच थोडं थोडं जायचं, भीती आली तरी पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, असं त्यांनी समजावलं.

मी गोळी मागायला गेलो होतो आणि बाईंनी गृहपाठ दिला. परतीच्या बसमध्ये केज मागे पडलं तरी माझी धुसफूस चालूच होती. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "चिडल्यावर तुमाला भ्या वाटत न्हाई, बघा." मांजरसुंब्याजवळ एका वरातीने रस्ता अडवला होता. खिडकीतून ती बघताना मला वाटलं, लग्नात उभं राहायचंय ना, मग सराव लग्नातच करावा.

लग्नसराईत बीडमधलं एकही मंगल कार्यालय रिकामं नसतं आणि दारात कुणी कुणाला विचारत नाही. मी इस्त्रीचा सदरा घालून अनोळखी लग्नांना जायला लागलो. पहिल्या लग्नात चपलांच्या ढिगापर्यंत पोचलो आणि पळून आलो. दुसऱ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची धरून बसलो. "तुमी कुणाकडले?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं. "मुलीकडला," मी म्हणालो. ते तसं खोटंही नव्हतं. मनाला लागू नये म्हणून जेवत मात्र नसे, अक्षता टाकून निघायचो. बायको रोज विचारायची, "आज कुणाची लेक उजवून आलात?"

एका ठिकाणी तर घोटाळाच झाला. कुणीतरी मला नवरदेवाकडचा बडा पाहुणा समजलं आणि हाताला धरून थेट स्टेजवर नेलं. टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, फोटो काढला. हातातला नारळ थरथरत होता, पण मी मेलो नाही. दुकानात आलो आणि एकटाच हसलो. आता जिंकलो असं वाटलं आणि पुढच्याच लग्नात बुफेच्या रांगेशेजारी पाय गळाले. भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरं कार्यालय गाठलं.

लग्नाच्या दिवशी आष्टीला पोचलो तो असा तयार होऊन. मुहूर्त भर दुपारचा होता आणि मी जीव मुठीत धरून तेवढ्या वेळेपुरता हिशेब बांधला होता. त्यात पुढारी धरायचे राहिले. मुहूर्ताच्या ऐन वेळी एकेक गाडी यायला लागली आणि प्रत्येकाला माइकवर शुभेच्छा द्यायच्या होत्या. दोनच शब्द बोलतो म्हणणारा खाली उतरेना. एकाने पाण्याच्या योजनेपासून सुरुवात केली. मांडवाशेजारच्या खोलीत मी आणि नवरी दाराशी उभे होतो. मुंडावळ्या सावरत तीही घामाघूम झाली होती. मुहूर्त कधीच टळला होता आणि माझ्या छातीत जे दाबून धरलं होतं ते आता वर यायला लागलं. बोटं बधिर झाली. मागच्या दाराबाहेर लिंबाची सावली दिसत होती आणि तिकडे चालत सुटावं असं फार वाटलं.

तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "पोरी, मला आलंय ते. चुलतमामा बाहेर हाय, त्याला हाक मारू का?"

ती हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "आईला मी कवाच सांगितलंय. तुमी न्हाई आलात तर मी एकटीच चालत जाईन. माझ्या मागं दुसरं कुणी नको."

मला भडभडून आलं. ही पोरगी भरल्या मांडवात मागे रिकामी जागा घेऊन चालणार होती, माझ्यासाठी! मी मागचं दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

पुकारा झाला. आम्ही निघालो. सगळे वळून बघत होते, बघू दे. एकेक पाऊल पुढे पडत गेलं. ती पाटावर उभी राहिली, समोर अंतरपाट धरला गेला आणि मी तिच्या मागे जागा घेतली. नवी गोळी अजून अंगी लागायची होती. कानांत दडे बसले होते, श्वास अर्ध्यावर अडकत होता आणि भीती जराही कमी झाली नव्हती. मंगलाष्टका सुरू झाल्या. पहिली संपली, अक्षता पडल्या. नवरीला मागे वळून बघता येत नाही. तिने मान न हलवता विचारलं, "मामा, हायत का?"

"हाय," मी म्हणालो.

दुसरी संपल्यावर तिने पुन्हा विचारलं. तिचाही आवाज कापत होता, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाय गं. कुठं जातोय मी?"