यादीत नसलेली कात्री

ऑफिसात तिला सगळे घार म्हणायचे. तिनेही कधी हरकत घेतली नाही, कारण तिला पगार नजरेचाच मिळत होता. ‘कुलूपबंद’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती सोळा वर्षं होती. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे, की त्यात एक निवृत्त टपालबाई असते. ती न पोचलेली पत्रं घेऊन बंद घरांपाशी जाते आणि घरातली माणसं कुठे गेली याचा माग काढत एकेक खोली उघडते. खोली म्हणजे वस्तूंनी खच्चून भरलेलं एक चित्र. खाली बारा नावांची यादी: छत्री, घुबड, चावी, कान तुटलेला कप. त्या पसाऱ्यातून हे बारा जिन्नस हुडकले की पुढचं दार उघडतं. अशी वीस घरं उघडून झाली होती आणि एकविसाव्याचं काम चालू होतं.

खेळ बाजारात जाण्याआधी प्रत्येक खोली पहिल्यांदा घार खेळायची, तीही कंदील न वापरता. अडलेल्या माणसाने कोपऱ्यातल्या कंदिलावर क्लिक केलं की राहिलेली वस्तू आपोआप उजळते. घार त्याला आळशांचा दिवा म्हणायची. कुठली वस्तू किती सेकंदांत सापडली, कुठली फारच उघड्यावर पडली आहे, कुठली अशी दडवली आहे की खेळणारा वैतागून खेळच बंद करेल, हे सगळं ती लिहून द्यायची. नजर इतकी तयार झालेली, की मुलीने दप्तरात लपवलेली कमी मार्कांची उत्तरपत्रिका तिला दारातूनच कळायची. दप्तर धरायची पद्धत बदलते, म्हणायची. स्वतःचा चष्मा मात्र ती रोज सकाळी घरभर शोधायची आणि तो डोक्यावर असायचा. मुलगी विचारायची, “आई, कंदील लावू का?”

या खोल्या रंगवायची ती चित्रकारीण. दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागल्या, तेव्हापासून दोघींचा डबा एकाच टेबलावर उघडायचा. चित्रकारणीची एक खोड होती. मनाने ती काहीच काढायची नाही आणि फोटोवरूनही नाही. चित्रात किटली हवी असेल तर टेबलावर खरी किटली लागायची. “फोटोतल्या वस्तूला वजन नसतं,” हे तिचं ठरलेलं वाक्य. मग ती ज्याच्या त्याच्याकडून वस्तू मागून न्यायची, प्रत्येकीला दोऱ्याने मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि काम झालं की पुसूनबिसून परत करायची. अर्ध्या ऑफिसचा संसार त्या खेळात जाऊन आला होता. साहेबांच्या वडिलांची काठी खेळातल्या पाचव्या घरात होती, तर घारीच्या मुलीचा लाकडी घोडा नवव्यात.

आणखी एक नियम होता. खोली पूर्ण होईपर्यंत घारीने ती बघायची नाही, नाहीतर परीक्षा कसली? म्हणून चित्रकारीण सकाळी घरीच रंगवायची, डब्याच्या वेळी ऑफिसात यायची, आणि काम चालू असेल ते महिने घार तिच्या घराची पायरी चढायची नाही.

त्या सोमवारी सकाळी सातवी खोली आली. शिंप्याची खोली. घारीने चहाचा कप बाजूला ठेवला आणि घड्याळ लावलं. टेप चार सेकंदांत, मांजर नऊ. अकरा वस्तू झाल्या, बारावी राहिली. अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी. ते शोधत नजर शिलाई मशीनच्या डाव्या बाजूला गेली आणि तिथेच अडकली.

यादीत नसलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, ही या कामातली पहिली शिस्त. घार बघत राहिली. अर्धवट कापलेल्या बाहीखालून एक कात्री डोकावत होती. मोठी, काळी, जुन्या घडणीची. अंगठ्याच्या कडीला हिरवी फीत गुंडाळलेली. कात्र्या तिने या सोळा वर्षांत शेकड्यांनी शोधल्या होत्या. तिने चित्र मोठं केलं. कात्रीच्या एका पात्याचं टोक नखाएवढं मोडलेलं होतं.

ते टोक तिनेच मोडलं होतं, नऊ वर्षांची असताना, रंगाचा डबा उघडायला जाऊन. बोलणी खाल्ली धाकट्या बहिणीने. धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती आणि ताईला वाचवण्यात तिला फार मोठेपणा वाटायचा. “मी मोडली,” म्हणाली आणि पाठीत धपाटा घेतला. आई घरीच कपडे शिवायची. पुढे अंगठ्याचा सांधा सुजायला लागला तेव्हा तिने कडीला हिरवी फीत गुंडाळली आणि शेवटपर्यंत त्याच कात्रीने कापड बेतलं.

आई गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. घर रिकामं करायला तीन दिवस लागले. दोघी बहिणींचं आधीच ठरलं होतं: धाकटी शिवणकाम करते, तर मशीन तिला. कात्री ताईला. ती काही कापड कापणार नव्हती, पण तिला ती हवी होती. मदतीला चित्रकारीण रजा काढून आली होती. तिने भांडी बांधली, कपाटं पुसली, दोघींना बळेबळे जेवायला बसवलं. तिसऱ्या संध्याकाळी पाहिलं तर कात्री नाही.

घारीने घर तीनदा पालथं घातलं. मग मावशी आणि मामांसमोर ती धाकटीला म्हणाली, “मशीन मिळालं तेवढ्यावर भागलं नाही का?”

धाकटीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने खांद्यावरची पिशवी पुढे केली. “ताई, बघ.”

आणि घारीने बघितली. सगळ्यांसमोर पिशवी उपडी केली, कप्पे चाचपले, अस्तरावरून हात फिरवला. शोधायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. काही निघालं नाही. तेव्हा म्हणाली, “कुठे ठेवलीस ते मला सापडलं नाही, एवढंच.”

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. घारीची मुलगी धाकटीच्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिचंही जाणं-येणं बंद झालं. मध्यंतरी शाळेत मुलीचं पेन हरवलं तेव्हा ती पहिल्याप्रथम शेजारच्या मैत्रिणीवर घसरली. घारीने ते ऐकून घाईने विषय बदलला होता.

आणि हे सगळं ती रोज डब्यावर कुणाला सांगायची? चित्रकारणीला. चित्रकारीण ऐकून घ्यायची, भाजी वाढायची. एकदा म्हणाली होती, “काही माणसं तशीच असतात गं. तू जिवाला लावून घेऊ नकोस.”

अंगुस्तान सापडलंच नाही. घारीने पहिल्यांदा खोली अर्धवट सोडली, पर्स उचलली आणि बस पकडली. वाटेत तिने मनाशी दुसऱ्या शक्यता मांडून पाहिल्या. फीत काय, कुणीही गुंडाळतं. टोकं मोडतात. पण चित्रकारीण मनाने काही काढत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

दार चित्रकारणीनेच उघडलं. बोटांना रंग होता. “अगं, तू? नियम मोडलास हं. चहा मिळणार नाही.”

घार तिला ओलांडून आत गेली. टेबलावर शिंप्याची खोली मांडलेली होती: रिळं, बटणांची बरणी, इस्त्री. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी. कात्रीला नव्हती.

“हिची चिठ्ठी कुठाय?”

चित्रकारीण खुर्चीवर बसली. “तुला दिसणार हे मला माहीत होतं.”

“चिठ्ठी कुठाय, विचारलं मी.”

“मी मागणारच होते. अगदी खरं सांगते. दुसऱ्या दिवशी कपाटात दिसली, इतकी सुंदर वस्तू, पिशवीत टाकली, म्हटलं उद्या विचारू. उद्या तुमचं ते सुरू झालं. सगळे जमलेले. कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

“ज्या तोंडाने नंतर सहा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस, त्याच.”

चित्रकारीण हळूच म्हणाली, “तू तिची पिशवी उपडी करत होतीस तेव्हा माझी दाराशीच होती. तू बघितली असतीस तर बरं झालं असतं.”

“तुझी कशाला बघेन मी?”

बोलून गेल्यावर घारीला स्वतःचेच शब्द ऐकू आले. तिने टेबलाची कड धरली.

“परत तरी ठेवायचीस,” ती म्हणाली. “माझ्या खणात टाकायचीस. उंबऱ्यावर ठेवून पळून जायचीस. काहीही.”

“रोज ठरवायचे. मग तू डबा उघडून तिच्याबद्दल बोलायला लागायचीस. आणि जितके दिवस गेले तितकं—”

“तितकं तुला सोपं गेलं. ‘काही माणसं तशीच असतात’ कोण म्हणालं होतं?”

“तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं.”

“वाटलं ना. खूप बरं वाटलं.” घारीने कात्री उचलली. फितीवर आईच्या अंगठ्याचा काळसर डाग तसाच होता. “आणि आता का काढलीस?”

“नवी आणली होती, ती बघ. चित्रात उतरेना. आणि म्हटलं, तुला सापडेल. मला सांगवत नव्हतं, निदान—”

“म्हणजे चोरी तू करायची आणि तुझी कबुलीसुद्धा मीच शोधून काढायची. याचा ओव्हरटाइम कोण देणार?”

हसण्यासारखं होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही. चित्रकारणीने सवयीने एक कापडाचा तुकडा पुढे केला, कात्री गुंडाळायला. घारीने तो घेतला नाही. पर्समधून आपल्या डब्याचा रुमाल काढला आणि त्यात कात्री बांधली. जाताना एवढंच म्हणाली, “उद्यापासून मी जागेवर जेवेन.”

बहिणीचं दुकान तिला पाठ होतं, जरी सहा वर्षांत ती त्या रस्त्याने गेली नव्हती. काचेत दोन झगे टांगलेले, आत आईचं मशीन, दोन गिऱ्हाइकं बाकावर. धाकटीने मान वर केली. तिच्या केसांत पांढरे आले होते. हे घारीला कुणी सांगितलं नव्हतं.

“माप द्यायचंय?” धाकटीने विचारलं.

घारीने रुमाल सोडला. कात्री टेबलावर ठेवली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. धाकटीने ऐकताना शिवण थांबवली नाही. ऐकून झाल्यावर मोडक्या टोकावर बोट टेकवलं.

“कात्री मिळाली म्हणून आलीस,” ती म्हणाली. “नसती मिळाली तर?”

बाकावरची बाई उगाच आपल्या चपलेकडे बघू लागली.

“तू ठेव ही,” घार म्हणाली. “तुझ्या कामाची आहे.”

“अजिबात नको. माझ्याकडे राहिली तर उद्या कुणीतरी म्हणेल, बघा, होती की नाही तिच्याकडेच.” धाकटीने दोरा दातांनी तोडला. “मला कात्री नकोय, ताई. मामांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत बसले तर मावशीने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. ते परत आणून दे.”

घारीने फोन काढला आणि मावशीचा नंबर लावला. मावशीला ऐकू कमी यायचं.

“मावशी, मी बोलतेय. ती कात्री. आईची कात्री.”

“रात्री? रात्री कशाला येतेस, दिवसा ये.”

“कात्री, मावशी. धाकटीने घेतली नव्हती.”

“काय म्हणतेस? मागे काहीतरी घरघरतंय.”

घारीने आवाज चढवला. बाहेर रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून काचेतून आत पाहू लागला. “तिने घेतली नव्हती. माझी चूक झाली. मी खोटं बोलले तिच्याबद्दल, तुम्हा सगळ्यांशी.”

“ऐकू येत नाही गं काही.”

दुकानातलं मशीन थांबलं. धाकटीने हात चाकावर तसाच ठेवला होता आणि नजर कापडावर. त्या शांततेत घारीने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी ओरडावं लागलं नाही.

पलीकडून मावशीने विचारलं, “मग घेतली कुणी?”

घारीने तोंड उघडलं. सोळा वर्षांचा शब्द जिभेवर आला, मैत्रीण, आणि तिथेच फिरला. “होती एक,” ती म्हणाली. “घरातलीच समजत होते मी तिला.”

फोन ठेवला. टेबलावर कात्री होती तशीच पडली होती, दोघींच्या मधे. धाकटीने ती उचलली नाही, परतही सरकवली नाही. तिने बाकावरच्या बाईला थोडं सरकायला सांगितलं, घारीला बसण्यापुरतं, आणि सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

“आता मामांना लाव,” ती म्हणाली.