आग्रह न करणारे अण्णा

ज्याच्या घरून पाहुणा हमखास उपाशी परत जातो आणि तरीही ज्याच्याइतका सढळ हाताचा यजमान शोधून सापडणार नाही, असा मराठी गृहस्थ या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो महाराष्ट्रात नव्हे, बेंगळुरात, मल्लेश्वरममध्ये राहत होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, दारात कानडी, देवापुढे संस्कृत आणि राग आला की इटालियन, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. इटालियनचे एकूण सोळा-सतरा शब्द त्यांना येत असावेत, पण राग यायचा तो वर्षातून दोनदाच, त्यामुळे ते पुरत. ज्या सरकारी कारखान्यात मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तिथे अण्णा यंत्रतपासणीचे प्रमुख होते, आणि त्यांच्याच माडीवरच्या खोलीत मी चार वर्षं राहिलो. ती खोली घरातली एकमेव माडीवरची खोली होती. तरी तिच्या दारावर अण्णांनी पितळेचा सात आकडा ठोकला होता. बाकीचे सहा कुठे आहेत असं विचारलं तर म्हणत, "जिनोआत."

हे जिनोआ म्हणजे अण्णांचं वैकुंठ. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी कारखान्यानं इटलीत एक अजस्र यंत्र बनवून घ्यायला घेतलं, आणि ते जहाजावर चढेपर्यंत त्याचा एकेक खिळा तपासायला अण्णांना तीन महिने जिनोआ बंदरात पाठवलं. तिथल्या बड्या हॉटेलात त्यांची व्यवस्था होती. पण तिथे जेवायला बसलं की पाठीशी एक माणूस हात बांधून उभा राहतो आणि घास मोजतो, या समजुतीनं अण्णा दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन बाहेर पडले. बंदरामागच्या उंच पायऱ्यांच्या गल्लीत त्यांना एक लहानसं हॉटेल सापडलं. नऊ खोल्या, चालवणारी एक विधवा बाई, तिची मुलगी आणि एक बहिरा दीर. अण्णा तिला कायम मालकीणबाई म्हणत. पहिल्या संध्याकाळी मालकीणबाईंनी वाटीभर सूप आणलं आणि पुढचं वाढू का म्हणून खुणेनं विचारलं. अण्णांनी बेळगावच्या संस्काराप्रमाणे ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको, नको." मालकीणबाईंनी ताट उचलून नेलं.

आपल्याकडे पहिला नकार म्हणजे नुसतं खाकरणं असतं. दुसरा नकार आईवडिलांच्या अब्रूसाठी. खरी भूक तिसऱ्या वेळी बोलते. तिथे दुसरी वेळ आलीच नाही. पुढच्या जेवणाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. अण्णा प्रत्येक वेळी अधिक नम्रपणे नको म्हणत आणि बाई अधिक आदरानं ताट उचलत. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच अण्णांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. तिनं त्यांना पायरीवर बसवून, पाव खायला देऊन, सगळी हकीकत काढून घेतली आणि आईला सांगितली. मालकीणबाई आधी हसल्या, मग पदर असता तर तो डोळ्यांना लावावा तशा रडल्या, आणि म्हणाल्या, "या घरात हवं असेल तर हवं म्हणा. मिळेल." हे वाक्य अण्णा असं सांगत, की ऐकणाऱ्याला त्यांच्या मागे समुद्र दिसावा.

परत आल्यावर अण्णांनी पहिलं काम केलं ते घरातला आग्रह कायमचा बंद करण्याचं. पाहुण्याचा पहिला शब्द तोच शेवटचा. मी प्रथम त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा दीड दिवसाचा प्रवास करून आलो होतो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं, "जेवणार न्हवं?" मी म्हणालो, "राहू द्या, वाटेत खाल्लंय."

"राहू दे म्हणाला," अण्णा आत वळून म्हणाले. "राहू दे."

खाली पोळ्या भाजल्याचा वास येत होता आणि मी वर सात नंबरात बसून खिशातले शेंगदाणे खात होतो. पण दार उघडलं तर उंबऱ्याशी झाकलेलं ताट. सकाळी अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "विचारायचं न्हाई एवढंच यांनी सांगितलंय. न विचारता ठेवायचं न्हाई असं कुठं म्हटलंय?" या एका पळवाटेमुळे त्या घरात कोणी उपासानं मेलं नाही.

मला मात्र अण्णांचं तत्त्व फार पटलं. माझे वडील छापखान्यात जुळारी होते. मी अक्षरं शिकलो ती संपाच्या आणि सत्याग्रहाच्या पत्रकांवरून. जगातलं कुठलंही दुःख चार पानी पत्रकानं दूर होतं अशी माझी खात्री होती. मी लगेच एक लिहिलं. आग्रह हा सरंजामशाहीचा अवशेष आहे, नकाराला मान देणं हा लोकशाहीचा पाया आहे, आणि जिलबीची जबरदस्ती ही जबरदस्तीच आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी ते स्वतः वाटलं. बायकांनी त्यात मोदक गुंडाळून घरी नेले. अण्णांनी ते चौकट करून किल्ल्यांच्या फळीशेजारी लावलं.

जिनोआच्या हॉटेलावरून उचललेली ही किल्ल्यांची फळी सांगायलाच हवी. घराला कुलपं दोन, फळीला खुंट्या नऊ. बाहेर जाणाऱ्यानं किल्ली खुंटीवर लावायची, आल्यावर मागून घ्यायची. अक्का भाजी आणायला निघाल्या तरी अण्णा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणत, "किल्ली?" अक्का म्हणत, "स्वयंपाकघराची देऊ काय? तुम्हीच रांधा." येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव, गाव आणि पुढचा मुक्काम लिहायला एक जाड वही होती. अण्णांच्या सख्ख्या मेहुण्यानं रागानं त्यात 'पुढचा मुक्काम' या रकान्यात 'तुमच्या दारात पाऊल न ठेवणे' असं लिहिलं आहे. अण्णांनी खाली तारीख घालून सही केली.

जिनोआत समोरासमोरच्या घरांमध्ये कप्पीवर दोरी फिरते आणि तिच्यावर अख्ख्या गल्लीचं धुणं वाळतं, हे त्यांनी पाहिलं होतं. मग मल्लेश्वरममध्ये का नको? समोरच्या पद्मम्मा भल्या बाई. त्यांनी आपल्या गच्चीला खिळा ठोकू दिला, आणि आमच्या रस्त्यावर वीस हात उंचीवर अण्णांचे लेंगे डौलानं ये-जा करू लागले. दोन आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी देवीची पालखी वाजतगाजत रस्त्यात शिरली. पद्मम्मा गच्चीवरून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प ओढा, देवी येत्ये." अण्णांनी ओढलं, कप्पी अडकली, पुन्हा ओढलं, खिळा सुटला, आणि अक्कांची नवी इरकली साडी थेट पालखीवर जाऊन पसरली. वाजंत्री थांबली. पुजाऱ्यांनी वर पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात जोडले. त्यावरून पुजाऱ्यांनी योग्य तो अर्थ घेतला, साडीला हळदकुंकू लावलं आणि पालखी साडीसकट पुढे गेली. अक्का एवढंच म्हणाल्या, "जिनोआत बायका साड्या नेसत न्हाईत. म्हणून तिथं चालतं."

तुळशीचं प्रकरण यापेक्षा गंभीर होतं. मालकीणबाई दगडी खलात एक हिरवा पाला, लसूण आणि तेल घालून चटणी करत आणि ती शेवयांना फासून देत. वासावरून अण्णांनी ठरवलं होतं की तो पाला म्हणजे तुळसच. एका रविवारी अक्का देवळातून परतल्या, तो वृंदावनात नुसत्या काड्या उभ्या, आणि अण्णा खलबत्त्यात लसणीबरोबर तुळस कुटत होते. त्या दिवशी अक्कांनी अन्न घेतलं नाही, आणि अण्णांना तर त्यांना आग्रह करायचीही सोय नव्हती. शेवटी पद्मम्मांनी समजूत घातली. फुलवाल्या गजऱ्यात घालतात ती कामकस्तूरी आणा, म्हणाल्या, तीच असणार ती. निघाली तीच. पुढे दर रविवारी आम्ही ती चटणी शेवयांबरोबर खाल्ली. ती उत्तम लागते. पण पहिल्या घासाला अक्का तरीही डोळे मिटून तुळशीची क्षमा मागत.

अशी बारा वर्षं जिनोआ त्या घराच्या डोक्यावर नांदल्यावर कारखान्यानं दुसरं यंत्र मागवलं. तेही जिनोआहून. एका सोमवारी मोठ्या साहेबांनी अण्णांना बोलावलं. नकाशे दाखवायला मीही बरोबर होतो. साहेब म्हैसूरकडचे, थोडक्यात बोलणारे. म्हणाले, "अण्णा, याही वेळी तुम्हीच जाल ना?"

अण्णांचे कान लाल झाले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पुन्हा संधी येणार नव्हती हे तिघांनाही ठाऊक होतं. अण्णा हसले, बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "छे छे साहेब, आता माझं वय झालं. तरुणांना पाठवा."

आणि ते तसेच उभे राहिले. किंचित पुढे वाकून, ताटावर हात आडवा धरल्यासारखे.

"सरी, ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि कागदावर रेघ मारली.

संध्याकाळी अक्कांनी जे सुनावलं ते इथे सगळं लिहिता येणार नाही. "बारा वर्षं जिनोआ ऐकत्ये. एक हो म्हणायला काय झालं हुतं?"

"तोंडात आलं होतं गं," अण्णा म्हणाले. "पण नको आधी बाहेर पडलं."

जिनोआला जाणाऱ्यांची यादी गुरुवारी दिल्लीला जाणार होती. अजून तीन दिवस होते. आग्रहाविरुद्ध पत्रक काढणारा मी, त्या तीन दिवसांत जेवढा आग्रह केला तेवढा एखाद्या वरमाईला विहिणीनंसुद्धा केला नसेल. मंगळवारी अण्णा कोट घालून साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. "साहेब फोनवर होते." बुधवारी पुन्हा गेले. "साहेबांचा मूड बरा दिसला नाही." मी म्हणालो, "अण्णा, चार शब्द आहेत. मला जायचं आहे, साहेब." त्यांनी ते चार शब्द माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवले, अगदी स्वच्छ. गुरुवारी ते दारावर टकटक करून आत गेले आणि साहेबांना खडखडणाऱ्या बेअरिंगबद्दल एक जुनी तक्रार सांगून बाहेर आले.

मग मीच गेलो. माझं सगळं ऐकून घेतल्यावर साहेबांनी चष्मा काढला. "यादी सकाळीच गेली. तुमचं नाव आहे. पण मला एक कळत नाही. गणपतीला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. एका मोदकानंतर साकु, पुरे म्हणालो, तर ताट माझ्यासमोरून निघून गेलं. भिंतीवर तुमचंच पत्रक होतं. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कारखान्यात एक तरी माणूस आहे, ज्याचा नकार हा नकार असतो. त्याला दुसऱ्यांदा कसं विचारायचं? अपमान नाही का होणार?"

मी जात नाही म्हणून घरी जाहीर केलं, तर वर्षातला राखून ठेवलेला राग अण्णांनी माझ्यावर काढला, तोही मराठीत. "तू नाही गेलास तर यंत्र कोण तपासणार? तुझं पत्रक?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला जिनोआ शिकवायला घेतलं. बंदराच्या फाटकापासून किती पायऱ्या, कुठल्या पायरीला तडा आहे, बहिऱ्या दिराच्या कुठल्या बाजूनं बोलायचं. गंमत म्हणजे त्या महिन्यात त्यांच्याइतकं आनंदी घरात कोणीच नव्हतं. स्टेशनवर मात्र गाडीची शिट्टी झाल्यावर त्यांनी खिडकीतून माझा दंड धरला. "मालकीणबाईंना सांग, मला यायचं होतं. असंच सांग. वयाचं-बियाचं काही सांगू नकोस."

हॉटेल होतं तिथेच होतं. सात नंबरची खोली अण्णांनी सांगितली त्याच्या निम्मीही नव्हती, आणि समुद्र दिसायला खिडकीतून इतकं बाहेर वाकावं लागायचं की माणूस समुद्रातच जावा. मालकीणबाई आता काठी घेऊन चालत होत्या. मी अण्णांचं नाव घेताच त्यांनी मला खुर्चीत दाबून बसवलं आणि पंधरा मिनिटं माझं तोंड बंद होऊ दिलं नाही, खाण्यानं. मग मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो. त्यांना यायचं होतं.

"मग आला का नाही?" मुलीनं आईचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. मी म्हणालो, साहेबांनी विचारलं, पण ते स्वतःच नको म्हणाले.

म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर बसली. आमच्या देशाबद्दल तिला जे काही ठाऊक होतं ते सगळं तिनं एका उपाशी माणसाकडून शिकलेलं होतं.

"किती वेळा विचारलंत त्याला?" ती म्हणाली.

अख्ख्या कारखान्याच्या वतीनं मी मान खाली घातली. म्हणालो, "एकदाच."