मामा डिकीतच राहिले

चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागंल. मी माझ्या सख्ख्या मामांना घरी विसरून नदीवर गेलो होतो. मामा वारले त्याच्या तिसऱ्या दिवशी!

लासुर्ण्याचे आमचे मामा गाड्यांचे शौकीन. बॅटरीवर पळणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्पोर्ट्स कारपैकी एक, परदेशी, लाल, दोनच सीटची, त्यांनी कुठनं तरी जुनी मिळवली होती. मामींनाही चालवायला शिकवली होती. आणि मी नुकतीच नवी इलेक्ट्रिक घेतलेली. उंच, ऐसपैस, समोर टीव्हीएवढा पडदा. काय तो माझा माज!

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलेलं. सकाळी नरसिंहपूरला संगमावर निघायचं होतं. मामी म्हणाल्या, "मी बी येते रं. पाण्यापतुर सोडते त्यांना."

"गुडघे बघा तुमचे! घाटाच्या पायऱ्या हायत तितं. बसा घरी." मोठा शहाणा ना मी!

मी मडकं खाली काढलं, तेवढ्यात मामांचा मुलगा बापू म्हणाला, "आबांच्या गाडीतनं न्यायचं. पाय दाबला की सुटती! तुझी म्हशीवानी उठती."

"अरं, खड्ड्यात पोट घासतंय तिचं! माझ्यात पाच माणसं, मागं कॅमेरा, चहा पिईस्तोवर निम्मी चार्ज. हिच्या डिकीत साधं मडकं तरी बसंल का?"

"बसतंय की!"

"न्हाय बसत!"

ठेवून बघितलं. चक्क बसलं! असला राग आला मला. धाडकन डिकी लावली आणि म्हणालो, "बरं, पण एका चार्जात जाती किती?" भांडत भांडतच आम्ही सगळे माझ्या गाडीत बसलो आणि निघालो.

संगमावर गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे. "आणा अस्थी." मी बापूकडं बघितलं, बापूनं माझ्याकडं.

फोन लावला. "मामी, लाल गाडीची डिकी बघा जरा."

डिकी उघडल्याचा आवाज आला. मग, "सापडले."

"थांबा, मी न्यायला येतो…"

"नगं. चावी हाय माझ्याकडं."

आम्ही घाटावर बसून राहिलो. त्या गाडीची बॅटरी म्हातारी, पोचतीय का वाटेतच बसतीय? ज्या माणसानं मला सायकलपासून गाडीपर्यंत सगळं शिकवलं, त्याला मी सामानासारखं टाकून आलो होतो. मामा गेले हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

अखेर लाल गाडी आली. शेजारच्या सीटवर मडकं, त्याला पट्टा लावलेला. मामी कण्हत उतरल्या आणि मडकं उचललं. मी हात पुढं केले, तर गुरुजी ओरडले, "तुम्ही नको! तुम्ही त्यांच्या चपला सांभाळा. तेवढं जमेल ना?"

मामी एकेक पायरी उतरत स्वतः पाण्यात गेल्या. मी काठावर, दोन्ही चपला छातीशी धरून ढसाढसा रडतोय. डोळे पुसायला एक हात काढला, आणि एक चप्पल गेली की हो नदीत!

मामी घरी अनवाणी आल्या.