साक्षगंधाचं कार्ड

प्रज्ञाला एकच फोटो हवा होता आणि तो मी काढलेलाच नव्हता. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी उगाच काउंटरवरचे लिफाफे सरळ करत बसलो.

ती धारणीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळची बस पकडून थेट अमरावतीला माझ्या स्टुडिओत आली होती, बॅग अजून खांद्यालाच होती. लग्न सतरा दिवसांवर आलेलं. तिचे वडील वामनराव बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. प्रज्ञाच्या साक्षगंधाचे फोटो मीच काढले होते. साक्षगंध म्हणजे तुमच्या पुण्याकडचा साखरपुडा. त्यानंतर तेविसाव्या दिवशी वामनराव हार्ट अटॅकने गेले.

"भाऊ, बाबा घरी सांगत होते," ती म्हणाली. "फोटोवाल्या भाऊले म्या सांगतलं म्हणे, दोघाचाच एक काढा म्हणून. थो फोटो मले मोठा करून पाह्यजे. लग्नात खुर्चीवर ठेवाचा हाय."

वामनरावांनी मला सांगितलं होतं, ही गोष्ट खरी होती. मी 'लग्नात काढू' म्हणालो होतो, ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नसावी. मी पण नाही सांगितली. म्हटलं, ताई, कॅमेऱ्याच्या कार्डावर असेल, पाहून ठेवतो, परवा या. माणूस घाबरला की तारीख देतो, सरकारी ऑफिसात काय आणि स्टुडिओत काय.

ती गेल्यावर कार्ड काढलं. मनात एक आशा होती. चारशेच्या वर फोटो काढले होते, त्यात कुठे ना कुठे बापलेक चुकून एकत्र आले असतील, आजूबाजूचे लोक कापून तोच देऊ. कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आत वरूडच्या संत्र्याच्या मार्केटमधला सत्कार समारंभ निघाला. हार, शाली, संत्र्यांचे ढीग. साक्षगंधाचा एकही फोटो नाही, पाकिटातल्या बाकीच्या कार्डांवरही नाही.

आता हे कसं झालं ते सांगतो, कारण ही चूक आमच्याकडचे निम्मे फोटोग्राफर करतात आणि कबूल कुणी करत नाही. आमच्या वऱ्हाडात साक्षगंध आणि लग्न मिळून एकच अल्बम करायची पद्धत आहे. ऑर्डर एक, अल्बम एक. मधल्या दोन महिन्यांत कुणी फोटो मागत नाही. मग आम्हीही साक्षगंधाचं कार्ड तसंच पाकिटात ठेवून देतो. लग्न झालं की दोन्हीचं काम एकदम करू. कॉपी करायला अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास लग्नसराईत कुणाकडे असतो?

माझ्या पाकिटात कार्डं ठेवायची एक खूण होती. भरलेलं कार्ड पालथं, रिकामं उताणं. वरूडच्या कार्यक्रमात पाहुणे अचानक वेळेआधी आले. घाईत पाकीट हातातून पडलं, चार कार्डं फरशीवर पसरली. गोळा करून जशी हाताला आली तशी खोचली. एक कॅमेऱ्यात टाकलं, तर कॅमेरा म्हणतो कार्ड फुल. मला वाटलं, जुनं कॉपी केलेलं काहीतरी असेल. फॉरमॅट दाबलं. कॅमेऱ्याने विचारलंसुद्धा, नक्की का? मी नक्की म्हणालो. माझ्याच अंगठ्याने.

मी शिकलो रोलच्या जमान्यात. एका रोलवर छत्तीस फोटो, निगेटिव्ह लिफाफ्यात, लिफाफ्यावर नाव. माझ्याकडे अजून चार लोखंडी पेट्या आहेत. त्यातल्या निगेटिव्हवर बुरशी धरली असेल, पण 'नक्की का' असं विचारून कुणी त्या पुसल्या नाहीत. त्या दिवशी मला त्या पेट्यांची फार आठवण आली. डिजिटल आलं तेव्हा आपण किती उड्या मारल्या होत्या तेही आठवलं.

कार्ड काढलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्या कडेला असलेलं छोटं लॉक खाली सरकवलं. लॉक लावलं की कार्डावर नवीन काही लिहिलं जात नाही. मग बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. तिथे माझे जुने दोस्त शकीलभाई आहेत. पूर्वी रोलचे कॅमेरे दुरुस्त करायचे, आता मेलेल्या हार्ड डिस्क आणि कार्डं जिवंत करतात. त्यांनी चहाही विचारला नाही.

"फॉरमॅट के बाद कितने खींचे?"

"दीडशे असतील."

"अन् साक्षगंधच्या टाइमले कॅमेऱ्यातच डिलीट करत होते का?"

करत होतो. डोळे मिटलेले, मान वळलेली, मध्येच कुणी आडवं आलेलं, असे फोटो मी जागेवरच उडवतो. शकीलभाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. फॉरमॅट केलं म्हणजे फोटो पुसले जात नाहीत. जाडजूड पुस्तकाचं फक्त अनुक्रमणिकेचं पान फाटतं, बाकीची पानं आत तशीच असतात. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर ती पानं एकेक करून शोधतं. पण त्याच पानांवर तुम्ही नवीन मजकूर लिहिला तर खालचा गेला. माझे दीडशे सत्कार साक्षगंधाच्या पानांवर लिहिले गेले होते. त्यात अधूनमधून डिलीट करत राहिलं की कार्डावर फटी पडतात आणि पुढच्या एखाद्या फोटोचे दोन तुकडे होऊन ते वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. एक तुकडा वाचतो, दुसरा जातो. असा फोटो उघडला की वरचा भाग नीट दिसतो आणि खाली सपाट करडा रंग.

सॉफ्टवेअर चालू होतं आणि मी स्क्रीनसमोर बसून होतो. फोटो एकेक वर येत होते. नवरदेवाची आई. मिठाईचे डबे. स्टेजची पायरी चढणारी प्रज्ञा. वामनराव मला दिसत होते, पण सगळे कडेला. पाण्याचा जग हातात घेतलेले, पाठमोरे, कुणाला तरी खुर्ची देताना, अर्धे चौकटीबाहेर. मुलीचा बाप कार्यक्रमात बसतो कुठे? प्रत्येक फोटो उघडला की मला वाटे, आता येईल. जो मी काढला नाही तो फोटो मी कार्डावर शोधत होतो, इतका वेडेपणा करत होतो. मला ते एक मिनिट परत हवं होतं. फार नाही, एकच मिनिट, स्टेजच्या डाव्या बाजूचं.

दोनशे ऐंशी फोटो परत आले. बापलेक एका चौकटीत असलेला एकच, आणि तोही अर्धा. वर वामनराव, किंचित वाकलेले, खाली बघून हसताना. खाली जिथे खुर्चीवर प्रज्ञा असणार, तिथे तिच्या केसांतल्या गजऱ्यापर्यंत फोटो होता. त्याच्याखाली करडा रंग.

"ये तो गया," शकीलभाई म्हणाले. मी तो वगळायला सांगणार होतो, पण सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी प्रज्ञा आली. प्रिंट दाखवायच्या आधीच मी बोलून टाकलं, नाहीतर माझ्याच्याने झालं नसतं. कार्ड मी पुसलं, काही फोटो गेले, हे सांगितलं. मग म्हटलं, "ताई, तुम्हाला पाहिजे तो फोटो हरवला नाही. मी तो काढलाच नाही. त्यांनी म्हटलं होतं. मी लग्नात काढू म्हणालो."

तिने ओरडावं अशी माझी इच्छा होती. स्टुडिओत लोक फालतू गोष्टींवरून ओरडतात, रंग काळा आला म्हणूनही ओरडतात. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तो तिने तसाच ठेवला.

मग म्हणाली, "कसं म्हणले बाबा? त्याईच्याच शब्दात सांगा."

मी आठवून आठवून सांगितलं. पंगत बसत होती. ते स्टेजच्या कडेला आले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "भाऊ, एक मिनिट. माह्या पोरीचा अन् माहा एक काढा ना, दोघाचाच. ते धारणीले राह्यते, मी बडनेऱ्याले, आमी एका जागी दिसतच नाही कोठी." मी म्हटलं, काका, पंगत खोळंबली आहे. ते 'बरं बरं' म्हणाले आणि लगेच बाजूला झाले. माझ्या चौकटीत आपण नको म्हणून दोन पावलं मागे सरकले.

हे शेवटचं मी सांगायला नको होतं, पण तिने सगळं मागितलं होतं. ती रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती प्रिंट बघत होती. एकेक बाजूला ठेवत तो अर्धा फोटो आला. मी सांगायला लागलो की हा खराब आहे, खालचा भाग गेला आहे. तिने त्या करड्या भागावर बोट ठेवलं.

"इथं मी हाय," ती म्हणाली. "बाबा मले म्हणून राहिले होते, जेवली का तू, का फोटोच काढून घेऊन राहिली?"

मग मी धंद्यातला माणूस म्हणून जे बोलायचं ते बोललो. दुसऱ्या फोटोतली तुमची छबी घेऊन इथे बसवता येते, आजकाल सॉफ्टवेअर असं भरून देतं की घरच्यांनाही कळत नाही. दोन तासांचं काम.

"भरू नका," ती म्हणाली. "ते माह्याकडे पाहून राहिले ना, तेवढं दिसतं. हाच मोठा करा."

लग्नात बुद्धवंदनेच्या वेळी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तो फोटो होता. वर हसणारे वामनराव, खाली करडी पट्टी. येणारे-जाणारे विचारत होते, फोटो खराब झाला का? तिची आई प्रत्येकाला सांगत होती, नाही, खाली प्रज्ञा आहे. त्या दिवशी मी स्टेजवर बरेच फोटो काढले. खुर्चीकडे कॅमेरा वळवायला मात्र मला बराच वेळ लागला.

आता कार्यक्रम झाला की त्याच दिवशी कॉपी करतो, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि दोन्हीकडे फोटो उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही. कॅमेऱ्यात डिलीट करणं बंद केलं. चुकून काही पुसलं गेलंच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, लॉक लावायचं आणि जाणत्याकडे न्यायचं. प्रत्येक कार्डावर कार्यक्रमाचं नाव लिहिलेलं असतं, उताणं-पालथं काही नाही. हे सगळं कुणालाही शिकता येतं, एका दुपारचं काम आहे.

आणि मुलीचा बाप 'एक मिनिट' म्हणाला की मी कॅमेरा उचलतो. पंगत खोळंबते म्हणून लोक ओरडतात. मी दोघांना उभं करतो, बापाला शर्ट नीट करू देतो, आणि फोटो काढतो. पंगत थांबते. इतकी वर्षं मी ती थांबवून पाहिलीच नव्हती.