काजं-बटणं

सदर इसम, वय एकाहत्तर, व्यवसाय शिंपी (निवृत्त), दुकान मुलाच्या हवाली करून सध्या दारातल्या उन्हात बसून बटणं लावतो. वर्तन समाधानकारक.

तरुणपणी कोट बेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बटणं म्हणजे नवशिक्याचं काम. आता बटण लावून दोरा दातानं तोडला, ओढून पाहिलं आणि ते जागचं हललं नाही, की स्वारी खूश. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पँटचे झोळ पाहून मनातल्या मनात हसायचं, ही वरकमाई.

काल मुलानं बटणं लावायचं मशीन आणलं.

"बाबा, आता तुम्ही आराम करा."

"म्हणजे नक्की काय करू?"

सून आतून म्हणाली, "अहो, आरामच तर करत होते ते! तुम्हीच मोडलात."

मुलगा ओशाळला, पण मशीन मांडलंच. आज सकाळी ते काही केल्या सुरू होईना. त्यानं सगळे खटके दाबले, दोन थपडा मारल्या, शेवटी मेकॅनिकला फोन लावला.

"येऊ दे त्याला सावकाश," म्हातारा सुईत दोरा ओवत म्हणाला. "तोवर मी आहे ना."

मशीनचा फ्यूज सदर इसमाच्या खिशात होता.