मिशीखालची हवा

कोणाकडे नवी सून आली की वर्षभर तिच्या गोष्टी निघत राहतात. आमच्या घरी मशीन आली आणि तसंच झालं. मी शाळेत गेले नाही, पण एकदा कानावर पडलेलं विसरत नाही. नात लिहायला बसली आहे तोवर सांगून टाकते.

आमचे हे रायपूरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी झोपेत त्यांचा श्वास थांबायला लागला. घोरता घोरता एकदम गप्प. मी उठून बसायची, मग कुठे श्वास परत यायचा. रायपूर राजधानी झालं म्हणून बरं, पूर्वी अशा तपासणीला नागपूर गाठावं लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकत चाललं आहे. रोज झोपताना मशीनची हवा घ्यायची, आणि ती मास्कमधून गळता कामा नये. गळली तर लावून न लावल्यासारखंच.

*

पहिल्या आठवड्यात हवा नाकाच्या बाजूने निसटून सरळ डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लालभडक. चौबे कॉलोनीच्या चौकातल्या चहावाल्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अम्मा, बाबूजी ने इस उमर में शुरू की क्या?"

जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस! ह्यांनी त्या टपरीवर जाणंच सोडलं.

*

मिलमधल्या माणसाला एकच ठाऊक, पाइप गळला की नट आवळायचा. ह्यांनी मास्कचे पट्टे असे आवळले की नाकाच्या दांड्यावर फोड आला, आणि हवा पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागली.

शंकर नगरहून मशीनवाला भैया आला. त्याने ह्यांना पलंगावर आडवं केलं, हवा सुरू केली आणि पट्टे ढिले करत गेला. गळती कमी झाली.

ह्यांनी ढिला पट्टा बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "चाळीस साल मी आवळतच आलो."

*

एक चूक माझीही. झोपण्याआधी ह्यांच्या कपाळाला, गालांना खोबरेल तेल चोळायची, लग्नापासूनची सवय. तेलावरून मास्क घसरायचा. भैयाने सांगितलं, तेल बंद, तोंड साबणाने धुवायचं, मास्कही रोज धुवायचा. तेल बंद केलं. हात मात्र त्या वेळेला बाटलीकडे जायचाच.

मग मी एक जुनं मऊ लुगडं फाडलं आणि त्याच्या पट्ट्या मास्कच्या कडेखाली लावायला लागले. गालांची गळती थांबली. ह्यांनी पट्टी हातात घेऊन उजेडात धरली.

"हे नेसून तू रायपूरले आली होती."

"आठवते तर लावा आता," मी म्हटलं.

*

तरी एक जागा राहिलीच. मिशीखालची.

ह्यांची मिशी झुपकेदार, मास्क तिथे टेकायचाच नाही. नाकापुरता छोटा मास्क लावून पाहिला, तर झोपेत तोंड उघडं पडायचं. पलीकडच्या खोलीत मामाजी झोपायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी काही दिसत नाही, कान मात्र तिखट. हवा गळायला लागली की माझ्या आधी त्यांना कळायचं. काठीने भिंत ठोकायचे.

"सूनबाई, हवा जाऊन राहिली."

मी उठून मास्क बसवायची. घटकाभरात पुन्हा काठी.

भैया म्हणाला, मिशी काढा. हे म्हणाले, बाबा आहेत तोवर नाही. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी काढतो. बाप जिवंत असताना काढणं म्हणजे त्याचं मरण बोलावणं.

ह्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, मशीन लावता की नुसती ठेवता? घरी आल्यावर हे पायरीवर बसून चपला काढत होते, तेव्हा मी म्हटलं, "मामाजींच्या आधी तुम्ही गेले, तर बापानं काय काढावं, सांगा."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आले ते कोऱ्या ओठाने. म्हणाले, बाबांना कोणी सांगायचं नाही.

त्या रात्री भिंतीवर काठी वाजली नाही.

*

सकाळी हे दूध आणायला गेले. तासाभरात शेजारच्या मिश्राइन डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि माझा हात धरून बसल्या.

"बड़े बाबूजी कब गए?"

मी तोंड उघडायच्या आत आतून मामाजींचा आवाज आला, "सूनबाई, चहा झाला काय?"

मिश्राइन चपला न घालताच घरी गेल्या.

मामाजींनी मात्र सगळं ऐकलं होतं. ह्यांना जवळ बोलावलं. चेहऱ्यावरून हात फिरवत ओठावर आणला आणि बोट तिथेच ठेवलं.

"काहून रे, मी कधी गेलो?"

सत्तरीचा माणूस बापापुढे लहान पोरासारखा उभा. "बाबा, हवा जात होती," एवढंच म्हणाले.

मामाजींनी बोट काढलं. म्हणाले, "रात्री मले झोप लागली." आणि चहा मागितला.

*

रविवारी मामाजींची दाढी करायला न्हावी घरी आला. हे शेजारीच पेपर घेऊन बसले होते. दाढी झाली, न्हाव्याने वस्तरा पुसला. मामाजींच्या पांढऱ्या मिशीला त्याने कधी हात लावला नव्हता.

"ते बी काढ," मामाजी म्हणाले.

न्हावी थबकला. त्याने ह्यांच्या ओठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कौन गए, बाबूजी?"

"कोणी नाही," मामाजींनी हनुवटी वर केली. "पोट्टा जिता आहे म्हणून."